उजवा कोपरा

७ जानेवारी

आजपासून ही वही. सरावाची वही वेगळी; तिच्यात कोणाचं मनगट ढिलं आणि कोणाची आई रोज उशिरा सोडते एवढंच असतं. ही माझी स्वतःची. घरात मी बोलायला तोंड उघडलं की दोघींनाही काहीतरी काम आठवतं. वही काही उठून जाणार नाही.

संघाचं प्रशिक्षकपद सोडून आज एक महिना झाला. 'सोडलं' असं मी चारचौघांत सांगते. खरं म्हणजे त्यांनी फुलं दिली, भाषणं ठोकली आणि माझ्या खुर्चीत माझ्याहून वीस वर्षांनी लहान माणूस आणून बसवला. मी टेबल टेनिसमध्ये सात वेळा देशाची विजेती होते हे भाषणांत तीनदा आलं. तेव्हाच ओळखलं की आपण आता फोटोत जमा झालो.

वहिनी ज्या शाळेत कारकून आहे तिथल्या जुन्या जेवणघरात मी दोन टेबलं टाकली आहेत. भिंतींवर पोरांनी हात पुसल्याचे डाग आहेत, पण छत उंच आहे आणि उजेड बरा. नऊ मुली येतात. त्यातल्या आठ आईबाप पाठवतात म्हणून येतात. नववी मुंगी.

मुंगी माझ्या थोरल्या भावाची मुलगी. दादाला उशिरा झाली, आणि ती चार वर्षांची असताना दादा गेला. तेव्हापासून वहिनी, ती आणि मी असं तिघींचं घर. दिसायला एवढीशी आणि एका जागी कधी उभी राहिली नाही, म्हणून मुंगी. आता सतरा पूर्ण. अठराच्या आतल्या गटातलं हे तिचं शेवटचं वर्ष. एप्रिलमध्ये निवड चाचणी आहे, पहिल्या चार जणी राष्ट्रीय शिबिरात जातात. मी तिला त्या चारांत बसवणार. नाही बसवलं तर मला प्रशिक्षक म्हणू नये कोणी.

१५ जानेवारी

सराव जोरात. शिस्त म्हणजे शिस्त: हॉलमध्ये मी 'मॅडम', घरी 'आत्या'. आज चुकून 'आत्या' म्हणाली, दहा उठाबशा काढायला लावल्या. घरी आल्यावर म्हणते, "आत्या, तुझ्या त्या मॅडम फार खडूस आहेत गं." मी म्हटलं, सांगते त्यांना.

माझी पद्धत इथे लिहून ठेवते, कारण नव्या प्रशिक्षकांना ती जमत नाही. मी टेबलाच्या पलीकडे उभी राहते, शेजारी चेंडूंची टोपली, आणि एकामागून एक चेंडू मुलीकडे टाकत जाते. दोन डाव्या कोपऱ्यात, दोन उजव्या कोपऱ्यात, शंभर होईपर्यंत. नवे लोक चेंडू कुठे पडला ते बघत बसतात. मी चेंडूकडे बघतच नाही. मी मुलीच्या पायांकडे बघते. चेंडू कुठे पडणार हे माझ्या हाताला चाळीस वर्षं ठाऊक आहे, त्याच्यावर डोळे कशाला खर्च करायचे? सगळा खेळ पायांत असतो.

३ फेब्रुवारी

आज मुंगीच्या बॅटवर नवीन रबर चिकटवलं. गोंद लावताना ती नाक धरून ओरडायला लागली, "आत्या, खिडकी उघड, डोकं उठलं माझं!" मला कसलाच वास नाही आला. आजच्या पोरींची नाकं म्हणजे नाजूक काम. आमच्या वेळी गोंदाच्या वासात झोपायचो.

वहीचं एक पान आता दोन-दोन दिवस पुरतं. अक्षर आटोपशीर झालंय. शाळेत मास्तर म्हणायचे, तुझं अक्षर म्हणजे उधळलेली म्हैस. आज असते तर पाठ थोपटली असती.

१९ फेब्रुवारी

राग आला म्हणून लिहितेय. सराव अर्ध्यावर आला असताना मुंगी थांबली आणि म्हणाली, "मॅडम, उजवीकडे अजून लांब टाका ना. अजून बाहेर."

बाकीच्या आठ जणी ऐकत होत्या. मी म्हटलं, "आधी जे टाकतेय ते नीट घे. मला कोपरा शिकवू नकोस. मी जेव्हा कोपरे शोधत होते तेव्हा तू जन्माला यायची होतीस."

ती परत जागेवर गेली आणि उरलेले साठ चेंडू गुपचूप मारले. नंतर वाटलं, जरा जास्तच बोलले. पण चाचणीत समोरची मुलगी काही हिच्या सोयीनं चेंडू टाकणार नाही. पोरीला मनाला लावून घ्यायची सवय नको.

८ मार्च

मुंगीनं कमाल केली आहे. गेल्या पंधरा दिवसांत उजव्या कोपऱ्यातला एकही चेंडू तिनं सोडलेला नाही. आणि धावपळ म्हणाल तर नाही. डावीकडचा मारते, अर्धं पाऊल सरते, आणि पुढच्या चेंडूला हजर! मला इतकं अचूक उभं राहायला पंचविशी उजाडली होती. कधी कधी तिचे पाय बघताना दादाची आठवण येते. त्याला खेळ कळत नव्हता, पण माझ्या प्रत्येक मॅचला तो रजा काढून यायचा आणि चुकीच्या ठिकाणी टाळ्या वाजवायचा. आज असता तर लेकीसाठीही चुकीच्याच ठिकाणी वाजवल्या असत्या.

जेवताना वहिनी म्हणाली, "अगं, पोरीचं एवढं कौतुक सांगतेयस, पण चेहरा बघ, जशी काही मयताला जाऊन आलीस."

मी म्हटलं, माझा चेहराच तसा आहे. ती म्हणाली, "नव्हता." मग म्हणाली की चालताना माझा उजवा हात हलत नाही, खिशात दगड ठेवल्यासारखा लोंबतो. वहिनीला ऑफिसात काम कमी असावं, सगळं बघत बसते.

२७ मार्च

रबराचा डबा विसरला म्हणून शाळा सुटल्यावर पुन्हा हॉलवर गेले. दार ढकललं तर आत मुंगी एकटीच. हातात बॅट, टेबलावर चेंडू नाही, आणि बाईसाहेब उजव्या कोपऱ्याकडे पळतायत, परत येतायत, परत पळतायत. घामानं निथळत होती.

"हे काय?" मी विचारलं.

"काही नाही. पाय मोकळे करतेय."

दोन तासांच्या सरावानंतर पाय मोकळे करायचे राहतात म्हणजे माझा सराव कमी पडतोय. उद्यापासून शंभराचे दीडशे.

वहिनीनं परवा फोनवर आमचा सराव चित्रित केला, ऑफिसातल्या बायकांना दाखवायला. मी बघितला नाही. स्वतःला पडद्यावर बघायचा मला पूर्वीपासून कंटाळा.

१४ एप्रिल

हरली. लिहवत नाही, पण लिहिते.

सकाळी दोन जिंकल्या, एक हरली. शेवटची मॅच जिंकली की चौथा नंबर नक्की. समोर डावखुरीच्या क्लबची मुलगी. डावखुरी म्हणजे माझी जुनी वैरीण. चार फायनल माझ्याशी खेळली, चारही हरली. आता तिचा मोठा क्लब आहे, सहा टेबलं, चेंडू टाकायचं यंत्र, सगळा थाट. तिची मुलगी उंच, हात लांब, डोकं थंड.

पाच गेमची मॅच. पहिले दोन मुंगीनं अकरा-पाच, अकरा-सात असे खिशात घातले. मी खुर्चीत टेकून बसले. तिसऱ्या गेमआधी डावखुरी तिच्या मुलीच्या कानाशी लागली, फार तर दोन वाक्यं बोलली असेल. आणि त्यानंतर त्या मुलीनं प्रत्येक चेंडू एकाच जागी टाकला. उजव्या कोपऱ्यात, टेबलाच्या पार काठाशी.

मुंगी तिथे नव्हतीच. दर वेळी अर्धं पाऊल सरायची आणि थांबायची. चेंडू दोन हात पलीकडून जायचा. मला टाइम-आउट एकच होता, तो चौथ्या गेममध्ये घेतला. म्हटलं, "उजवीकडे सर, बाई, उजवीकडे!" ती म्हणाली, "हो मॅडम." गेली, दोन पॉइंट सरली, आणि तिसऱ्याला पुन्हा पाय जुन्या जागी. शेवटचा गेम अकरा-चार.

मी फार वाईट वागले. हात मिळवून ती बाहेर आली तेव्हा मी सगळ्यांदेखत म्हटलं, "पाय घरी विसरून आलीस का? रोज दीडशे चेंडू काय भिंतीसाठी टाकते मी?" आसपासचे पालक माना वळवून बघायला लागले. मुंगीनं खाली बसून बुटाची नाडी सोडली आणि परत बांधली. उलट बोलली असती तर बरं झालं असतं.

वहिनी तिला घेऊन रिक्षानं घरी गेली. मी मागे राहिले तर डावखुरी आली. "वाईट वाटून घेऊ नकोस," म्हणाली, "पण तुझ्या मुलीला उजवा कोपरा माहीतच नाही. बाकी सगळं इतकं तयार आहे, मग हेच कसं राहिलं? तू शिकवलेली मुलगी, म्हणून विचारते."

मी म्हटलं, "तुझं तू बघ."

१५ एप्रिल

घरात कोणी कोणाशी बोलत नाही. पाचव्या ते आठव्या नंबरच्या मुलींची ऑगस्टमध्ये आणखी एक चाचणी होणार, त्यातून एकच जाणार. हे मी मुंगीला दाराबाहेरून सांगितलं. आतून "बरं" आलं.

१८ एप्रिल

आज वहिनी कामावर गेल्यावर तिचा फोन घरी राहिला होता. मुंगीचे पाय बघायचे म्हणून मार्चमधलं ते चित्रण लावलं. कुठे चुकते ते शोधून तिच्यापुढे ठेवायचं, असं मनात होतं.

डावीकडचे चेंडू ठीक पडत होते. उजवीकडचे मधोमध.

आधी वाटलं वहिनीनं फोन वाकडा धरलाय. परत लावलं. टेबलाच्या मधली पांढरी रेघ स्पष्ट दिसते, आणि मी उजव्या कोपऱ्यात म्हणून टाकलेले चेंडू त्या रेघेच्या जेमतेम पलीकडे पडतात. तिसऱ्यांदा बोटावर मोजले. वीसपैकी दोन कोपऱ्यात गेले. माझं मनगट वळतच नव्हतं. दंडापासून खालचा हात एखाद्या पाटीसारखा सरळच्या सरळ पुढे येत होता, आणि चेहरा... वहिनी म्हणते ते बरोबर आहे.

आणि समोर मुंगी. डावीकडचा मारायची, अर्धं पाऊल सरायची, उभी राहायची. चेंडू तिथेच यायचा. यालाच मी कमाल म्हटलं होतं, मागच्या पानांवर आहे. रोज दीडशे चेंडू टाकून तिच्या पायांना मीच पक्कं शिकवलं की उजवीकडे जायचं काही काम नसतं. आणि त्या दिवशी शंभर माणसांत विचारलं, पाय घरी विसरलीस का.

दुपारभर स्वयंपाकघरात बसून होते. दूध उतू जाऊन करपलं ते वहिनी आल्यावर कळलं. तिला जिन्यातच वास आला म्हणे.

१९ एप्रिल

सकाळी मुंगीसमोर फोन ठेवला. तिनं दोन सेकंद बघितलं आणि उलटा करून ठेवला.

"तुला ठाऊक होतं," मी म्हटलं.

"हो."

"कधीपासून?"

"जानेवारी संपताना. आधी वाटलं तू मुद्दाम करतेयस, काहीतरी नवीन. मग एकदा तुला सांगितलं ना लांब टाक म्हणून."

"परत का नाही सांगितलंस? ओरडले म्हणून?"

"तू तर रोजच ओरडतेस." मग बराच वेळ ती टेबलावरचं सालपट नखानं काढत बसली. "मला वाटलं, मी सांगितलं तर तू थांबशील."

"थांबले असते."

"म्हणूनच नाही सांगितलं."

ती संध्याकाळी एकटी उजवीकडे का पळत होती ते आज कळलं. माझी चूक ती एकटी निस्तरत होती, चेंडूशिवाय. आणि मी तिला विचारलं होतं, हे काय. तिच्यादेखत रडले. ती जवळ आली नाही, मीही हात पुढे केला नाही. आमच्या घरात तशी पद्धत नाही. पण उठूनही गेली नाही.

६ मे

डॉक्टर माझ्या पहिल्या बॅचच्या मुलींच्या वयाचा. म्हणाला, अंगठ्यावर बोट आपटा, जोरात आणि भराभर. डाव्या हातानं झोकात आपटलं. उजव्यानं सुरुवात केली बरी, मग टकटक लहान लहान होत गेली आणि बंद पडली. मी परत सुरू केली, परत बंद पडली. म्हटलं, हा हात आज फॉर्मात नाही. तो हसला नाही.

चालताना हात हलतो का, वास येतो का, आवाज बारीक झालाय का, घरचे म्हणतात का की चेहरा रागीट दिसतो. मी उत्तर द्यायच्या आधी वहिनीच देत होती, पाठ केल्यासारखी. मग त्यानं विचारलं, काही लिहिता का. वहिनीनं माझ्या पिशवीतून ही वही काढून त्याच्यापुढे ठेवली.

"वाचायचं नाही हं," मी म्हटलं.

"वाचत नाही. नुसतं बघतोय." त्यानं जानेवारीचं पान आणि परवाचं पान शेजारी शेजारी धरलं. जानेवारीत एका ओळीत आठ शब्द आहेत, आता सतरा. मी याला आटोपशीर म्हणत होते.

पार्किन्सन्स. गोळ्यांनी बरंच सुधारतं, पण जात नाही. पुष्कळ वर्षं चांगली जातात असंही म्हणाला. मी विचारलं, चेंडू टाकता येईल का? "खेळा की, व्यायाम चांगलाच आहे." मी म्हटलं, खेळायचं नाही विचारत. मला हवा तिथे टाकता येईल का? दिवसाला दीडशे, रोज, शेवटचासुद्धा पहिल्यासारखा? तो कागदपत्रं चाळायला लागला, तेव्हा उत्तर मिळालं.

रस्त्यात वहिनीनं माझा उजवा हात धरला होता. तेरा वर्षं एका घरात राहतोय, पहिल्यांदाच धरला असेल.

११ मे

डावखुरीकडे जाऊन आले. तिनं दारातच विचारलं, "तू माझ्याकडे आलीस म्हणजे काय आभाळ कोसळलंय?"

सगळं सांगितलं. ऐकून ती खुर्चीत बसली. म्हणाली, "चार फायनल हरले तुझ्याशी. दर वेळी मनात यायचं, हिचा हात मोडू दे. खरंच यायचं गं."

"तेव्हा मोडला असता तर तुला कप मिळाला असता. आता मोडून तुला काय मिळणार? माझ्या हाताचं सोड, मुंगीला शिकव. ऑगस्टला तीनच महिने आहेत."

"तिला यायचंय का?"

तिला यायचं नव्हतंच.

१३ मे

घरात रण. मुंगी म्हणते, जाणार नाही. तू यंत्र आण, तू बाजूला उभी राहा, तू नुसतं सांग. मी म्हटलं, मी सांगितलेलं तुझे पाय ऐकतील, पण ते आता माझंच चुकीचं धरून बसलेत. ते सोडवायला दुसऱ्याचा हात पाहिजे. "मग नाही खेळणार," म्हणाली.

वहिनी पोळपाट धुत होती. हात पुसत बाहेर आली. ती सहसा आमच्या खेळात बोलत नाही. म्हणाली, "मुंगे, ऐक. आत्याला तुझी दया नकोय, तुझा खेळ हवाय. एप्रिलपर्यंत तू तिच्यावर दया केलीस, आणि बघितलंस ना काय झालं ते?"

मुंगी एवढी पांढरी पडली की मला वाटलं वहिनीनं असं बोलायला नको होतं. पण शेवटी ती म्हणाली, सोमवारी जाते.

२ जून

तिथे ती डावखुरीला 'ताई' म्हणते. मी तेरा वर्षं... जाऊ दे. माझा नियम मीच केला होता.

२४ जून

गोळ्या सुरू आहेत. सकाळी दोन तास हात बरा असतो. जेवणघरातल्या आठ मुली आता पाच झाल्या. त्यांना सर्व्हिस शिकवते, नियम शिकवते, जागेवर उभं राहून तोंडानं जे शिकवता येतं ते सगळं. एकीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही चेंडू का टाकत नाही?" म्हटलं, कंटाळा आला. तिला ते पटलं. लहान मुलांना मोठ्यांचा कंटाळा लगेच पटतो.

मुंगी दमून येते, जेवते, झोपते. काय शिकली ते मी विचारत नाही, ती सांगत नाही. पूर्वी जेवताना आम्ही मिठाची डबी आणि चमचे मांडून खेळ समजावायचो आणि वहिनी ओरडायची की जेवा. आता मीठ मिठासारखं राहतं.

१७ जुलै

आज न राहवून डावखुरीच्या हॉलबाहेर गेले. जाळीतून दिसतं. तिनं सगळे चेंडू उजव्या कोपऱ्यातच टाकले, एकही डावीकडे नाही. मुंगी पळत होती, निम्मे सुटत होते. तिसऱ्या फेरीत निम्म्याहून कमी सुटले. डावखुरी चेंडूकडे बघते, मग पायांकडे, मग परत चेंडूकडे. हळू पद्धत आहे. पण चूक सापडते तिला.

मी आत गेले नाही. फाटकापाशी एक पालक म्हणाले, "तुम्ही त्याच ना, विजेत्या?" म्हटलं, नाही, त्या मोठ्या होत्या.

२१ ऑगस्ट

चाचणी. मला आत बाकावर जागा नाही, तिथे एकच प्रशिक्षक बसतो. वहिनी आणि मी वर प्रेक्षकांत. वहिनीनं माझा दंड जोरात धरून ठेवला होता.

तीनपैकी दोन मॅच सहज जिंकली. तिसरी पाचव्या गेमला गेली. सगळ्यांना एप्रिलची गोष्ट ठाऊक, समोरच्या मुलीनंही उजव्या कोपऱ्यात टाकायला सुरुवात केली. मुंगी तिथे होती. दर वेळी होती. एकदा तर टेबलाच्या बाहेरून चेंडू वळवून आणला, असा फटका मी तिला कधी शिकवला नव्हता.

आता जे लिहितेय ते कोणाला सांगता येणार नाही. नऊ-नऊ झाले तेव्हा मुंगीनं मान वळवून डावखुरीकडे बघितलं. वर बघितलं नाही. आणि एका पॉइंटापुरतं माझ्या मनात आलं, हरू दे. हरू दे म्हणजे परत येईल. मी स्वतः हे मनात आणलं, माझ्या दादाच्या मुलीबद्दल. लगेच लाज वाटली, पण आलं ते आलं.

अकरा-नऊ. मुंगी जिंकली. शिबिरात जाणार.

वहिनी उभी राहून रडत होती. मी टाळ्या वाजवल्या. एक हात दुसऱ्याला नीट सापडत नव्हता, आवाज आला नाही. मुंगी धावत वर आली, आईच्या गळ्यात पडली, मग माझ्यापुढे येऊन उभी राहिली. मी म्हटलं, "आठव्या पॉइंटला बॅकहँड उशिरा आला." ती म्हणाली, "हो." तेवढंच बोललो.

२ सप्टेंबर

शिबिराचा अर्ज आला. मुंगी जेवणाच्या टेबलावर बसून भरत होती: जन्मतारीख, उंची, रक्तगट, पालकाची सही. वहिनी शेजारी चष्मा लावून चुका शोधायला बसलेली, कारकुनाची सवय. मी समोर.

एका ओळीशी मुंगी थांबली. पेन उचललेलं तसंच.

"आत्या, प्रशिक्षकाचं नाव लिहायचंय. जागा एकच आहे."

ही ओळ असणार हे मला माहीत होतं. अर्ज मीही सात-आठ वेळा भरले आहेत. तीन दिवस उत्तर घोकून ठेवलं होतं. म्हटलं, "ताईंचं लिही. त्यात विचारायचं काय?"

ती वाद घालेल म्हणून आणखीही जमवून ठेवलं होतं. शिबिरातून फोन येतात, धावपळ करू शकणारं माणूस लागतं. नियमाप्रमाणे चालू प्रशिक्षकाचंच नाव द्यावं लागतं. आणि खरं तेच लिहावं. एकही कारण सांगायची वेळ आली नाही. ती "बरं" म्हणाली आणि तिनं लिहिलं. ठळक अक्षरात, पूर्ण नाव.

मला वाटलं होतं, एकदा तरी नाही म्हणेल.

मग ती तोंड धुते म्हणून आत गेली. नळ खूप वेळ सुरू होता. मी ओरडले, "अगं, पाणी कशाला वाया घालवतेस, बंद कर तो!"

"राहू दे," वहिनी म्हणाली. "चालू राहू दे जरा."

अर्ज माझ्याकडे सरकवून ती उठली. मी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून काढला. कुठेही चूक नव्हती.